लहान तबकडी

१

शनिवारचा बाजार उरकला की सिरिल मम्बीच्या दुकानात डोकवायचं, हा ग्वेंडा थर्लोचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. घ्यायचं काही नसलं तरी ती डोकवायची. सिरिल जमिनीतला धातू हुडकणारी यंत्रं विकायचा. इंग्लंडातल्या लिंकनशरच्या त्या टापूत शेतं-कुरणं तुडवत जुनी नाणी शोधणारे जेवढे म्हणून वेडे होते, ते सगळे कधी ना कधी त्याच्या गल्ल्याशी उभे राहून तावातावानं भांडून गेले होते. ग्वेंडा त्यांतली सगळ्यात जुनी वेडी. साठी उलटली तरी गमबूट चढवून निघायची आणि चिखलानं माखून घरी यायची.

त्या शनिवारी मात्र तिला खरंच काहीतरी घ्यायचं होतं.

"नवं यंत्र घेऊ का रे, सिरिल?"

"आहे त्याला काय धाड भरलीय?"

"त्या शेतकरी ऑडलिंगच्या कुरणात, कुंपणाच्या झुडपांपाशी एक जागा आहे. दर खेपेला सूर देते. मंद, पसरट, खूप खालून आल्यासारखा. एकदा कोपरापर्यंत हात जाईल एवढं खणलं. हाती काही नाही. वर त्या झुडपांखाली गंजक्या खिळ्यांचा नुसता सडा, त्यांची कटकट वेगळीच."

सिरिलनं चष्मा कपाळावर चढवला. आता व्याख्यान येणार हे ओळखून ग्वेंडानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"यंत्र बदलून काही व्हायचं नाही, बाई. खालची तबकडी बदल. तुझी आहे परातीएवढी. ती खोलवरचं ऐकते, पण शेजारी शेजारी पडलेल्या दोन वस्तूंचा एकच सूर करून टाकते. ही बघ लहान, बशीएवढी. हिला वरचं वीतभरच ऐकू येतं, पण एकाला एक म्हणते आणि दोनाला दोन म्हणते. खिळ्यांच्या गर्दीत नाणं असलं तर हीच सांगेल."

"आणि ते खोलातलं?"

"ते विसर. ते हिच्या आवाक्यातलं नाही. खोलही पाहिजे आणि नेमकंही पाहिजे म्हणत असशील तर समोर त्या खाटकाकडे जा. तो सगळ्यालाच हो म्हणतो."

ग्वेंडा हसली. सिरिलनं लहान तबकडी कागदात गुंडाळली आणि आवाज उतरवून विचारलं, "अल्विन कसा आहे?"

"छाती चिरून परत शिवलीय, कसा असायचा? पुढच्या खोलीत पलंग टाकून दिलाय. तिथून हुकूम सोडतो."

बोलायला ती अशी झणझणीत, पण नवऱ्याचं हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. चहा ओतता ओतता हात थांबायचा आणि त्याचा श्वास ऐकू येतोय ना, तिकडे कान जायचा. जखम भरेपर्यंत जपा, असं डॉक्टर सहज म्हणाले होते. हिनं ते सहज घेतलं नाही. अल्विन यातून उठायला हवा, याखेरीज तिला दुसरं काही नको होतं. घरात बसवत नव्हतं आणि बाहेर पडलं की पाय घराकडे ओढायचे, अशी तिची गत झाली होती.

२

शेवटी अल्विननंच तिला घराबाहेर काढलं.

"जा बाई तू कुरणात. दर घटकेला दारात येऊन उभी राहतेस. मी मेलोय का बघतेस की काय?"

"काहीतरीच काय बोलतोस!"

"मग जा ना. येताना चिखल तेवढा बाहेर ठेव."

ऑक्टोबरची दुपार होती. ऑडलिंगच्या गाई पलीकडच्या कोपऱ्यात चरत होत्या. ग्वेंडानं लहान तबकडी लावली, हेडफोन चढवले आणि कुंपणाच्या कडेनं गवतावरून तबकडी डावी-उजवी फिरवत निघाली. खिळे आले. खिळ्यांचा आवाज खरखरीत, घोगरा, तो कानावरून जाऊ द्यायचा. मग ती जागा आली. ग्वेंडा न थांबता पुढे जाणार होती, कारण तिथलं खोलातलं या तबकडीला ऐकू येणार नाही असं सिरिलनं बजावून सांगितलं होतं.

टिंग. टिंग.

ती थबकली. तबकडी परत फिरवली. दोन सूर. स्वच्छ, उंच, एकाशेजारी एक. पसरट असं काही नव्हतंच. मोठ्या तबकडीला जे एक वाटत होतं ते दोन होते, आणि खोलही नव्हते. गवताच्या मुळांशीच होते.

इथेच खरं तर तिनं विचार करायला हवा होता. त्या कुरणाला ऑडलिंगच्या आज्याच्या काळापासून नांगर लागलेला नव्हता. न नांगरलेल्या जमिनीत नाणं वर्षागणिक खाली जातं, वर येत नाही. हे या छंदातलं शेंबडं पोरही सांगेल. पण सूर कानात वाजला की या लोकांना दुसरं काही सुचत नाही. सशांनी उकरून वर आणलं असेल, असं तिनं मनाशी म्हटलं आणि गुडघे टेकले.

गवताचा चौकोनी ढलपा कापून तिनं अलगद बाजूला ठेवला. खाली मऊ, चाळल्यासारखी माती. तिच्यात दोन नाणी सपाट पडलेली, मध्ये दोन बोटांचं अंतर. जुन्या राणीच्या काळची, तांबूस, चांगली मोठी. एकेका पेनीची. जणू कुणी आत्ताच मांडून ठेवली होती.

"अगं बाई!" ती मोठ्यांदा म्हणाली. फाटक्या खिशातून पडली असतील कुणाच्या.

खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय जायचं नाही, हा या लोकांचा धर्म. कापलेलं गवत असं बसवायचं की शेतकऱ्याला शोधूनही सापडू नये. तिनं काढलेली सगळी माती आत लोटली. खड्डा भरला नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं, माती कुठे सांडली नव्हती. काढली होती ती दोन नाणी तेवढी. झुडपाखालची माती ओंजळीनं आणून घातली, तरी ढलपा आजूबाजूच्या गवतापेक्षा खाली खचलेलाच राहिला. टाच मारून ती निघाली. गेटपाशी येईपर्यंत तिनं दोनदा वळून पाहिलं, कशासाठी ते तिला सांगता आलं नसतं.

३

"बघू, बघू," अल्विननं हात पुढे केला. उशांना टेकून बसला होता. चेहऱ्यावर रंग बरा होता आणि मनुकांच्या पावाचा अर्धा तुकडा त्यानं खाल्लाही होता. ते पाहून तिला हुरूप आला.

त्यानं नाणी अंगठ्यानं चोळली. "आमची आजी असली दोन कपाटात वेगळी ठेवायची. गल्लीत कुणी गेलं की बायका तिलाच बोलवायच्या. न्हाऊ घालायला, कपडे घालायला. मड्याचे डोळे मिटत नसले की ही ठेवायची पापण्यांवर. त्या दोन नाण्यांची कधी कुणी चघळायची गोळीसुद्धा आणली नाही."

"पुरे झालं. दे इकडे."

"माझ्यासाठीच आणलीस वाटतं?" म्हणून तो मागे रेलला. डोळे मिटले, एकेक नाणं एकेका पापणीवर ठेवलं आणि जीभ बाहेर काढली.

ग्वेंडा झटकन पुढे झाली. तिनं दोन्ही नाणी हिसकावली. "लाज नाही वाटत? इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुला थट्टा सुचते!"

"अगं, हसवत होतो तुला."

"नको मला हसवूस!"

तो डोळे मिटून हसत राहिला, छातीला हात लावून, टाके दुखू नयेत म्हणून जपून. मग हसू थांबलं तरी त्यानं लगेच डोळे उघडले नाहीत. उघडले तेव्हा जरा वेळ मिचकावत राहिला.

"गार होती की गं नाणी," तो म्हणाला. "अजून गारच वाटतंय."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं होतं, आणि अल्विन म्हणाला, "दिवा लाव ना."

"दिवा? या उन्हात?"

"मग पडदा बाजूला सार."

पडदे बाजूला सारलेलेच होते. ग्वेंडानं दिवा लावला. औषधांनी होतं असं, तिनं स्वतःला समजावलं. नर्स आली, नाडी बघितली, जखम बघितली, म्हणाली, "उत्तम चाललंय, मिसेस थर्लो. झोपतायत ना, झोपू द्या. झोपेइतकं दुसरं औषध नाही."

"पापण्या जड झाल्यात म्हणतो."

"होणारच. मोठं ऑपरेशन झालंय."

तेही पटलं. पटलं तरी पाय एका जागी ठरेनात. तिनं ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला, चमच्यांचा खण उपसला. हाताला काम हवं म्हणून यंत्र काढलं. नवी तबकडी घेतली की घरी लाकडी टेबलावर वेगवेगळी नाणी समोरून फिरवून कुठलं कसं वाजतं ते बघून ठेवायचं, ही तिची जुनी पद्धत. कालच्या गडबडीत ते राहूनच गेलं होतं. रोजच्या वापरातली नाणी फिरवली, वाजली. लग्नाची अंगठी वाजली. चमचा घोगरा वाजला. मग तिनं काल डबीत टाकलेली ती दोन जुनी नाणी काढली आणि तबकडीसमोर धरली.

काही नाही.

अगदी तबकडीला टेकवली. काही नाही. चमचा पुन्हा फिरवला, वाजला. नाणी पुन्हा धरली. कागदाच्या चकत्या धरल्यासारखं झालं. हातात मात्र ती नाणीच होती, राणीचा चेहरा होता, कडेचा गंज बोटांना लागत होता.

वायर सैल असेल, असं म्हणून ती यंत्र हातात घेऊनच घरातल्या बोळात आली. उजेडाकडे धरून बघावं म्हणून वळली, तर पुढच्या खोलीच्या उघड्या दारातून तबकडी दारालगतच्या पलंगावर, अल्विनच्या उशीवरून गेली.

टिंग. टिंग.

५

"छातीतल्या तारा असतील, बाई," सिरिल फोनवर म्हणाला. "माझ्या मेहुण्याचं झालं होतं तेच ऑपरेशन. छातीचं हाड चिरतात, मग पोलादी तारेनं शिवतात. यंत्र वाजणार नाही तर काय? आणि डबीतल्या नाण्यांचं म्हणशील, तर त्यांच्यावर काय गंज चढलाय कुणास ठाऊक. शनिवारी घेऊन ये."

तिला केवढं हायसं वाटलं! तारा. अर्थातच. ती स्वतःवरच चिडली. एवढी वर्षं यंत्र वापरतेस आणि एवढं साधं सुचू नये?

पण खात्री करून घेतल्याशिवाय राहील ती ग्वेंडा कसली. अल्विन झोपला होता. चादरीवरून, वीतभर उंचावर तिनं तबकडी धरली आणि छातीवरून फिरवली. घोगरा, खरखरीत सूर. लोखंडाचाच. बरोबर, या तारा. ती तबकडी हळूच वर सरकवत गेली. गळा, शांत. हनुवटी, शांत. नाक.

टिंग. टिंग.

स्वच्छ, उंच. तांब्याचे. मध्ये दोन बोटांचं अंतर. मोठी तबकडी असती तर काहीतरी एकच वाजलं असतं आणि तिला आजाराचं, तारांचं, पलंगाच्या स्प्रिंगांचं काहीतरी कारण देता आलं असतं. ही बशीएवढी तबकडी दोनाला दोनच म्हणत होती.

तिनं वाकून पाहिलं. डोळ्यांवर काहीही नव्हतं. पण पापण्या दबलेल्या होत्या. दोन्हीकडे एकेक गोल, सपाट खळगा, वजनाखाली दबावा तसा.

"अल्विन!"

"हं."

"डोळे उघड."

त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. भुवया वर गेल्या. पापण्यांची कड थरथरली. "उघडत नाहीयेत गं," तो झोपेत बोलल्यासारखा म्हणाला. "राहू दे. बरं वाटतंय असं."

ते 'बरं वाटतंय' ऐकताच तिनं नाण्यांची डबी उचलली.

६

डॉक्टरांना फोन करून काय सांगणार होती? झोपतो म्हणून? त्यापेक्षा जिथलं तिथे नेऊन ठेवावं, एवढं तिला कळत होतं. डबी कोटाच्या खिशात टाकून ती कुरणात गेली ती जवळजवळ धावतच.

गाई आज त्या बाजूला फिरकल्या नव्हत्या. तिनं टाच मारून बसवलेला ढलपा खड्ड्याशेजारी पडला होता, गवत वर, माती खाली, अलगद ठेवलेला. ती स्वतः ठेवते तस्साच. आणि खड्डा उघडा होता.

कोल्हा असेल, तिचं डोकं म्हणालं. कोल्हा उकरतो, पण ढलपा असा ठेवत नाही. तिनं पोटावर पडून हात आत घातला. कोपर गेलं. खांदा टेकला. बोटांना तळ लागला नाही. कडेची माती कोमट होती, ऑक्टोबरात असू नये इतकी.

"घे," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही माहीत नव्हतं. "चुकलं आमचं. घे परत."

तिनं दोन्ही नाणी सोडली आणि कान दिला. ती पडल्याचा आवाज आला नाही. बराच वेळ झाला तरी नाही. मग तिला जाणवलं की आपण कान देतोय तसंच खालीही काहीतरी कान देऊन आहे. ती तटकन उठली. ढलपा, रिकामी डबी, सगळं तिथेच टाकून घराकडे सुटली. खड्डा न बुजवता निघण्याची ही तिची आयुष्यातली पहिली वेळ.

७

घरी अल्विन तसाच होता. श्वास चालू होता, पण मध्ये मध्ये थांबत होता. पुन्हा चालू होताना असा वाजायचा, जणू कुणी आठवण करून दिल्यावर घेतोय. यंत्र पलंगाशीच पडलं होतं. तिनं ते उचलून फिरवलं. पुन्हा तेच दोन सूर. आणखी स्पष्ट, आणखी जवळ. नाणी परत देऊन काही झालं नव्हतं. ती नुसती टरफलं होती, मूळ माल इथेच राहिला होता.

आता ग्वेंडाला राग आला. भीती होतीच, पण तिच्या वरताण राग आला. चाळीस वर्षांचा संसार, एका मूर्ख थट्टेपायी?

"नाही नेऊ द्यायची मी," ती म्हणाली आणि यंत्र खाली ठेवलं.

नाणं मातीत नेमकं कुठे आहे, हे यंत्रानं सांगितल्यावर बोटांना डोळे लागत नाहीत. इतकी वर्षं ती गवतात, चिखलात न बघता बोटं घालत आली होती. तिनं पलंगाच्या कडेला बसून उजव्या पापणीच्या किंचित वर, हवेत, अंगठा आणि बोट जवळ आणलं.

बोटांमध्ये कड आली. गार. दातेरी नव्हे, गुळगुळीत, झिजलेली कड.

ती किंचाळली नाही. अल्विन दचकेल म्हणून नाही किंचाळली. नखानं माती सोडवावी तशी तिनं ती कड सोडवली आणि उचलली. वजन होतं, चांगलंच होतं. पापणीवरचा खळगा हळूहळू भरून आला. मग दुसरी. ती घट्ट बसली होती. ती सुटेना. ग्वेंडानं ओठ चावला. तेवढ्यात अल्विनच्या छातीचं वरखाली होणं थांबलं.

"सोड त्याला," ती दातांमधून पुटपुटली. "सोड म्हणते ना! कुणी हवंच असेल तर मी आहे की इथे!"

कड सुटली. अल्विननं बुडता बुडता वर आल्यासारखा श्वास घेतला आणि डोळे उघडले. निळे, पाणावलेले, रागावलेले.

"काय करतेस माझ्या तोंडाशी? आणि तो दिवा कशाला लावलायस दिवसाढवळ्या?"

ती दोन्ही हातांच्या चिमट्या तशाच धरून मोरीशी गेली आणि बोटं उघडली. काही पडल्याचा आवाज झाला नाही. तिनं नळ सोडला, हात धुतले, तरी तशीच उभी राहिली, तो आवाज येईल म्हणून.

८

अल्विन झपाट्यानं सुधारला. नर्सनं आधी काठी धरून घरात चालायला सांगितलं, मग बागेत फिरायला सांगितलं. तो खायला लागला, भांडायला लागला. ग्वेंडाला इतका आनंद झाला होता की तो बघत नसताना ती स्वयंपाकघरात तोंडावर फडकं धरून रडून घ्यायची.

बसायची मात्र नाही. खिडक्या पुसल्या, पडदे धुतले, शेगडी मागे सरकवून तिथलं घासलं. आडवं व्हायची वेळ आली की तिला काहीतरी काम आठवायचं.

"अगं, बस ना घटकाभर," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघूनच मला दम लागतो."

दुपारचं ऊन खोलीत आलं होतं. ती खुर्चीत टेकली. अल्विननं कोपऱ्यातलं यंत्र उचललं. "आता मला शिकव हे. पुढच्या महिन्यात मीही येणार कुरणात. उंच सूर म्हणजे नाणं, घोगरा म्हणजे लोखंड, बरोबर?"

"ठेव ते."

"वजन नाही गं फार." त्यानं मोठ्या ऐटीत तबकडी तिच्या बुटांवरून फिरवली. घोगरा सूर. "बुटांचे खिळे! शिकलो की नाही?" मग हातावरून. "ही अंगठी. मीच दिलेली, आवाजावरून स्वस्तातली वाटते."

नको म्हणायला तिला वेळ होता. पण तिलाही कळून घ्यायचं होतं. तिनं खुर्चीचे हात धरले आणि मान सरळ ठेवली.

तबकडी तिच्या चेहऱ्यावरून गेली.

"अरेच्चा!" अल्विन खूश झाला. त्यानं पुन्हा फिरवली. "दोन! दोन आहेत! नाण्याचा आवाज आहे ग्वेन, हा उंच. डोक्यात काय लपवलंयस?"

त्याचे गाल लाल झाले होते. किती दिवसांनी तो असा पोट धरून, न दुखता हसत होता.

"केसांतल्या पिना असतील," ग्वेंडा म्हणाली.

"पिना अशा वाजतात?"

"वाजतात. जा, चहा टाक. आज तू कर."

तो शीळ घालत आत गेला. तिला किटलीत पाणी भरल्याचा आवाज आला, कपाटाचं दार वाजलं, कप निघाले. उन्हाचा पट्टा अजून गालिचावर असायला हवा होता. तिनं दाराच्या दिशेनं तोंड केलं. तो कप घेऊन परत येईपर्यंत डोळे उघडे ठेवायचे, त्याला एकदा नीट बघायचं, एवढंच तिनं ठरवलं.